राजहंसाचा निकष : एकाकी बालकाची कल्पना आणि तिचे मोल

1. प्रश्नाची मांडणी

प्रतिकूल वास्तवात सापडलेले मूल कल्पनेच्या बळावर आपल्यापुरते एक निराळे जग उभारते, हे आशयसूत्र चित्रपटसृष्टीला नवे नाही. गिलेर्मो देल तोरो यांचा ‘पॅन्स लॅबिरिंथ’ (2006) हे त्याचे अलीकडच्या काळातील ठळक उदाहरण होय. 1944 मधील स्पेन, यादवी युद्धानंतरची हुकूमशाही राजवट, क्रूर लष्करी सावत्र पिता आणि आजारी आई या कोंडीत ओफेलिया ही मुलगी भूमिगत राज्याच्या अद्भुत कथेत शिरते. तेथे तिला तीन कसोट्या पार पाडावयाच्या असतात. अशा चित्रपटांचे वर्णन करताना ‘पलायन’ हा शब्द सहजपणे वापरला जातो. मात्र त्या शब्दात एक दोषारोप दडलेला आहे. वास्तवाला सामोरे जाण्याची ताकद नसलेला माणूस पळतो, असा त्याचा ध्वनितार्थ असतो. टोल्किन यांनी 1939 मध्ये परीकथांवर दिलेल्या व्याख्यानात या आरोपाचा परामर्श घेतला होता. बंदिवानाची सुटका आणि रणांगण सोडून पळालेल्या सैनिकाचे पलायन या दोन गोष्टींची गल्लत करू नये, असा त्यांच्या प्रतिपादनाचा रोख होता.

हा भेद मान्य केला तरी एक प्रश्न शिल्लक राहतो. मुलाची कल्पना ही बंदिवानाची रास्त सुटका आहे, हे ठरवायचे कोणी आणि कशावरून? बहुतेक कलाकृती याचे उत्तर शेवटाकडे नेऊन देतात. उपेक्षित मूल अखेरीस असामान्य ठरते आणि त्याच्या असामान्यत्वामुळे त्याच्या कल्पनेला प्रतिष्ठा लाभते. या न्यायाला ‘राजहंसाचा निकष’ असे म्हणता येईल. कल्पनेला आदर मिळण्यासाठी मुलाने राजहंस असणे आवश्यक आहे काय, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

विवेचनासाठी निवडलेल्या मुख्य कलाकृती सातारा आणि सांगली या जिल्ह्यांशी निगडित आहेत. हे दोन जिल्हे पूर्वी एकाच प्रशासकीय घटकात होते. 1949 मध्ये ‘दक्षिण सातारा’ हा जिल्हा वेगळा झाला आणि 1960 मध्ये त्याला ‘सांगली’ हे नाव मिळाले. या परिसरातील माडगुळ्याच्या कवीचे एक बालगीत, पाचगणीच्या निवासी शाळेत चित्रित झालेला एक हिंदी चित्रपट आणि कराडमध्ये आयुष्य घालविलेल्या एका कथाकाराचा बालनायक यांच्याकडे क्रमाने पाहिले असता वरील प्रश्नाची तीन भिन्न उत्तरे हाती येतात.

2. माडगुळ्याच्या कवीचे तळे

ग. दि. माडगूळकर (1919–1977) यांचे गाव माडगुळे. ते पूर्वी औंध संस्थानात होते व आज सांगली जिल्ह्याच्या आटपाडी तालुक्यात आहे. पावसाने सतत हुलकावणी दिलेल्या या माणदेशी भूमीतील कवीने मराठी मुलांना दिलेले एक सर्वपरिचित गीत मात्र तळ्याचे आहे. बदकांच्या सुरेख पिलांमध्ये एक कुरूप पिलू असते, त्याला कोणी खेळायला घेत नाही, आणि एके दिवशी पाण्यात पाहताना त्याला स्वतःची खरी ओळख पटते. या गीताचा मूलस्रोत हान्स ख्रिश्चन अँडरसन यांची 1843 मध्ये प्रसिद्ध झालेली कथा हा आहे, हे उघडच आहे. योगायोग असा की, त्याच वर्षी विष्णुदास भावे यांनी सांगलीत ‘सीता स्वयंवर’ सादर केले.

मूळ कथा आणि गीत यांतील एक फरक प्रस्तुत विवेचनाच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे. अँडरसनचे पिलू घर सोडून जाते, ठिकठिकाणी अपमान सोसते, कडाक्याचा हिवाळा काढते. अखेरीस पाण्यात त्याला स्वतःचे रूप दिसते. पण कथा तेथे संपत नाही. इतर राजहंस त्याला आपल्यात घेतात आणि काठावरची मुले-माणसे हाच सर्वांत देखणा असल्याची ग्वाही देतात. म्हणजेच आत्मप्रत्ययावर लोकमान्यतेची मोहोर उठते. माडगूळकरांनी गीताच्या छोट्या आवाक्यात प्रवास आणि हिवाळा गाळला, हे स्वाभाविकच होते. परंतु त्यांनी काठावरचे प्रेक्षकही गाळले. गीतातील पिलाला कोणी ‘तू सुंदर आहेस’ असे सांगत नाही. ते पाण्यात पाहते, त्याचे त्यालाच कळते आणि त्याचे भय सरते.

हे पिलू मुळात राजहंसच होते, म्हणून निकष सुटला असे म्हणता येत नाही. तथापि निवाडा देणारे न्यायपीठ मात्र बाहेरून आत, पिलाच्या स्वतःच्या दृष्टीत आले. एकाकी बालकाच्या दृष्टीने ही साधी घटना नव्हे. चिडविणारे बदलले नाहीत, तळे बदलले नाही, पिलूही बदलले नाही. बदलले ते केवळ स्वतःकडे पाहणे. पुढील दोन कलाकृतींकडे वळताना हा धागा ध्यानात ठेवावा लागतो.

3. पाचगणीची शाळा आणि ईशानचे ग्रह

‘तारे जमीन पर’ हा आमिर खान दिग्दर्शित चित्रपट 21 डिसेंबर 2007 रोजी प्रदर्शित झाला. त्याचे लेखन अमोल गुप्ते यांचे आहे. चित्रपटाच्या उत्तरार्धातील निवासी शाळेचे चित्रण सातारा जिल्ह्यातील पाचगणी येथील न्यू एरा हायस्कूलमध्ये झाले. ब्रिटिश अमदानीपासून पाचगणी हे निवासी शाळांचे गाव म्हणून प्रसिद्ध आहे. मुंबईसारख्या शहरातील पालकांनी मुलांना शिस्तीसाठी, इंग्रजी शिक्षणासाठी तेथे पाठवावे, ही प्रथा जुनी आहे. चित्रपटातील ईशान अवस्थी याला मात्र तेथे शिक्षा म्हणून पाठविले जाते. निदान त्याची स्वतःची समजूत तशी आहे. त्याला अक्षरे ओळखता येत नाहीत. हा वाचनदोष डिस्लेक्सिया या नावाने ओळखला जातो. पण घरात आणि शाळेत त्याला आळस व उद्धटपणा अशीच नावे मिळालेली असतात.

ईशानच्या कल्पनेचे सर्वांत संस्मरणीय दृश्य पाचगणीला जाण्यापूर्वीचे, मुंबईच्या शाळेतील आहे. गणिताच्या परीक्षेत त्याच्यासमोर तीन गुणिले नऊ हा प्रश्न येतो. तो अंतराळयानाचा कप्तान होतो. सूर्यापासून तिसरा असलेल्या पृथ्वीला ग्रहमाला ओलांडून नवव्या प्लूटोपर्यंत ओढत नेतो. टकरीत प्लूटो नष्ट होतो आणि पृथ्वी उरते. म्हणून उत्तर तीन. ते उत्तर लिहून तो समाधानाने पेपर संपवितो. या दृश्यास पलायन म्हणणे सर्वथा चुकीचे ठरेल. मूल गणितापासून दूर पळालेले नाही. ते गणिताला भिडलेले आहे, मात्र त्याची भाषा निराळी आहे. ‘तीन’ आणि ‘नऊ’ हे आकडे त्याच्यासाठी स्थाने आहेत, गुणाकार ही टक्कर आहे आणि उत्तर म्हणजे टकरीनंतर जे शिल्लक राहते ते. तर्काची साखळी कोठेही तुटत नाही. चुकते ते फक्त शाळेच्या दृष्टीने.

येथे चित्रपट या माध्यमाची एक अडचणही लक्षात येते. साहित्यात कल्पना आणि वास्तव एकाच वाक्यात नांदू शकतात. पडद्यावर मात्र कल्पना ‘दाखवावी’ लागते आणि दाखविताच ती वास्तवापासून वेगळी पडते. ‘तारे जमीन पर’मध्ये ग्रहांचे दृश्य सचेतपटाच्या तंत्राने आले आहे, वर्गातील बाक आणि अंतराळ यांच्यामधली सीमारेषा प्रेक्षकाला स्वच्छ दिसते. मुलाला मात्र ती तशी दिसत असेलच असे नाही. अद्भुतपटांवर पलायनाचा आरोप वारंवार होतो, त्याचे एक कारण तंत्रात आहे: पडदा दोन जगे अलग करून दाखवितो, आणि मग मूल एका जगातून दुसऱ्यात ‘पळाले’ असे वाटू लागते.

पाचगणीत आल्यावर ईशानची कल्पना आटते. तो चित्र काढणेही सोडून देतो. हा तपशील निर्णायक आहे. दुःख वाढले की कल्पना वाढते, असे एक ढोबळ समीकरण या प्रकारच्या चित्रपटांत गृहीत धरलेले असते. येथे उलट घडते. कल्पनेलाही किमान सुरक्षिततेची भूमी लागते. परित्यक्ततेची जाणीव एका मर्यादेपलीकडे गेली की मूल स्वप्न पाहणेही थांबविते. ईशानने वहीच्या पानांवर काढलेली चित्रमालिका या दृष्टीने बोलकी आहे. पाने भराभर उलटली असता चौघांच्या कुटुंबातून एक मूल हळूहळू दूर जाताना दिसते. येथे ग्रह नाहीत, यान नाही. अद्भुत पूर्णपणे गळून पडले आहे. कल्पनेने येथे केलेले काम एकच: जे घडले ते तिने नेमकेपणाने पाहिले.

चित्रपटाचा शेवट मात्र अँडरसनच्या काठावर जाऊन पोहोचतो. हंगामी कलाशिक्षक निकुंभ ईशानची अडचण ओळखतो, त्याला अक्षरे शिकवितो आणि चित्रस्पर्धा भरवितो. चित्रकार ललिता लाजमी स्वतःच्याच भूमिकेत परीक्षक म्हणून येतात. ईशानचे चित्र पहिले येते व शाळेच्या वार्षिकाच्या मुखपृष्ठावर झळकते. तत्पूर्वी निकुंभ वर्गाला ज्या थोर व्यक्तींची उदाहरणे देतो, ती सारी अक्षरांशी झगडून कीर्ती मिळविलेल्यांची असतात. या चित्रपटामुळे वाचनदोषाविषयी भारतीय पालकांमध्ये मोकळेपणाने बोलले जाऊ लागले, हे त्याचे ऋण मान्य केलेच पाहिजे. परंतु त्याच्या युक्तिवादात एक फट राहते. ईशान चांगला चित्रकार नसता तर? स्पर्धेत त्याचा क्रमांक आला नसता तर? ईशानचा मित्र राजन हा अपंग मुलगा बुद्धिमान आहे, म्हणून त्याच्याविषयी प्रश्नच उद्भवत नाही. अक्षरे न येणाऱ्या आणि चित्रेही सामान्य काढणाऱ्या मुलाच्या अंतराळयानाचे काय, याचे उत्तर चित्रपट देत नाही. राजहंसाचा निकष येथे काठावरच्या प्रेक्षकांसह परत आला आहे.

4. वसतिगृहाची दुसरी परंपरा

सातारा जिल्ह्याच्या संदर्भात आणखी एक गोष्ट नोंदविणे अगत्याचे आहे. पाचगणीच्या निवासी शाळेहून अगदी निराळी अशी वसतिगृहाची परंपरा याच जिल्ह्यात घडली. भाऊराव पाटील यांनी 1919 मध्ये कराड तालुक्यातील काले येथे रयत शिक्षण संस्थेची स्थापना केली आणि 1924 मध्ये साताऱ्यास वसतिगृह सुरू केले. 1927 मध्ये महात्मा गांधींच्या हस्ते त्याचे ‘श्री छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस’ असे नामकरण झाले. तेथे निरनिराळ्या जातींची मुले एकत्र राहत, एकत्र जेवत, श्रम करून शिकत. त्या मुलांच्या दृष्टीने घरापासून दूर जाणे ही शिक्षा नव्हती. गावाने जन्मतः नेमून दिलेल्या जागेतून बाहेर पडण्याचा तो प्रत्यक्ष मार्ग होता.

एकाच जिल्ह्यातील या दोन परंपरा एकमेकींशेजारी ठेवल्या की ‘प्रतिकूल वास्तव’ हा शब्दप्रयोग किती मोघम आहे, हे ध्यानात येते. एका मुलाचे निर्वासन हे दुसऱ्याचे मुक्तिस्थान असू शकते. म्हणून कल्पनेचे मूल्य ठरविताना मूल कशापासून सुटू पाहते आहे, हा प्रश्न आधी विचारला पाहिजे.

नागराज मंजुळे यांच्या ‘फँड्री’ (2013) या चित्रपटातील जब्या हा या दृष्टीने महत्त्वाचा आहे. त्याचे गाव प्रस्तुत लेखाच्या भूप्रदेशाबाहेरचे, अहमदनगरकडील असले तरी तुलनेसाठी तो अपरिहार्य ठरतो. कैकाडी समाजातील हा शाळकरी मुलगा वरच्या जातीतील शालूवर जीव लावून आहे. काळ्या चिमणीची राख तिच्यावर टाकली की ती वश होईल, असे त्याच्या मनात भरवून दिलेले आहे, आणि तो रानोमाळ ती चिमणी शोधत राहतो. ही कल्पना ईशानच्या ग्रहांइतकीच अद्भुत आहे. मात्र दिग्दर्शकाने तिच्यासाठी वेगळे दृश्यजग उभारलेले नाही. चिमणी उडते ती त्याच माळावर, जेथे जब्याच्या कुटुंबाला डुकरे पकडावी लागतात. जब्या राजहंस ठरत नाही. शिक्षक, परीक्षक किंवा मुखपृष्ठ त्याच्या वाट्याला येत नाही. सगळ्या गावाच्या हसण्यापुढे अखेर त्याच्या हातात येतो तो दगड, आणि तो भिरकावला जातो थेट प्रेक्षकाच्या दिशेने. कल्पना जेथे हरते तेथे काठावरचे प्रेक्षकच आरोपी ठरतात. अँडरसनच्या शेवटाचा याहून कठोर प्रतिवाद मराठी पडद्यावर क्वचितच आढळेल.

5. कराडचा लंपन : आजोळचा वनवास

आता कराडकडे वळता येईल. प्रकाश नारायण संत (1937–2003) हे इंदिरा संत आणि ना. मा. संत यांचे चिरंजीव. आजोळच्या दीक्षित घराण्यात ते दत्तक गेले होते; भूशास्त्राचे प्राध्यापक म्हणून त्यांचे आयुष्य कराडमध्ये गेले. ना. मा. संत 1946 मध्ये निवर्तले, तेव्हा हा मुलगा नऊ वर्षांचा होता. ‘वनवास’ (1994) या संग्रहापासून सुरू झालेल्या आणि ‘शारदा संगीत’, ‘पंखा’ व ‘झुंबर’ या संग्रहांतून पुढे गेलेल्या लंपनच्या कथा बेळगाव-परिसरातील सीमाभागाच्या बोलीत घडतात. लेखकाचे चरित्र आणि लंपनचे चरित्र यांचे समीकरण मांडणे हे समीक्षेचे काम नव्हे. तथापि आई-वडिलांपासून दूर, आजी-आजोबांकडे वाढणाऱ्या मुलाच्या अनुभवाची भूमी लेखकाला परिचित होती, एवढे निश्चित म्हणता येते.

मराठी बालमनात ‘आजोळ’ हा शब्दच एक स्वप्नभूमी आहे. सुटीत जायचे ठिकाण, लाडाचे ठिकाण, गाडीने धूर सोडत जायचे ठिकाण. संतांनी या स्वप्नभूमीलाच वनवास म्हटले, हे त्यांच्या प्रतिभेचे लक्षण होय. लंपनच्या जगात क्रूर सावत्र पिता नाही, निष्ठुर शाळा नाही. आजी-आजोबा प्रेमळ आहेत, सुमी आणि बाबूराव आहेत, कणबर्गी गंग्या आहे. तरीही आई जवळ नाही. दुःखाला खलनायक नसणे ही अद्भुतपटाच्या दृष्टीने मोठीच अडचण आहे. कारण पळायचे कोणापासून? लंपन कोठेही पळत नाही. जेथे ठेवले आहे तेथेच तो राहतो आणि तेथल्या झाडांना, आवाजांना, माणसांना आपल्या भाषेत सामावून घेतो.

त्याची कल्पना आहे ती या भाषेत. एखादी गोष्ट पुष्कळ वेळा घडली असे त्याला सांगायचे असते, तेव्हा तो हजारांच्या घरातला, नेमका भासणारा आकडा सांगतो. तो आकडा कशाच्याही मोजणीतून आलेला नसतो, पण तो खोटाही नसतो. मुलाला जाणवलेल्या तीव्रतेचे ते माप असते. ‘मॅड’ हा त्याचा आवडता शब्दही असाच, सौंदर्यापासून भीतीपर्यंत सर्वत्र चालणारा. ईशानच्या उत्तरपत्रिकेतील ‘तीन’ आणि लंपनचे आकडे यांच्यात जवळचे नाते आहे. दोघेही संख्येला शाळेच्या हुकमतीतून सोडवितात. फरक असा की, लंपनच्या आकड्यांना गुण देणारा परीक्षक कथेत नाही. वाचक त्या आकड्यावर हसतो आणि हसता हसता त्याच्या वेदनेशी येऊन थबकतो. कल्पना आणि वास्तव येथे एकाच वाक्यात असल्यामुळे सीमारेषा उरत नाही आणि ‘पलायन’ या शब्दाला जागा मिळत नाही.

लंपनचे पडद्यावर येणे त्यामुळेच अवघड होते. निपुण धर्माधिकारी दिग्दर्शित ‘लंपन’ ही मालिका 2024 मध्ये सोनी लिव्ह या मंचावर आली; मिहिर गोडबोले याने लंपनची, तर गीतांजली कुलकर्णी व चंद्रकांत कुलकर्णी यांनी आजी-आजोबांची भूमिका केली. त्याच वर्षी गोव्यातील भारतीय आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवात तिला सर्वोत्कृष्ट वेबमालिकेचा पुरस्कार मिळाला. प्रथमपुरुषी निवेदनातील वाक्य दृश्यात येताना त्याला एक तर संवाद व्हावे लागते, नाही तर पडद्यामागून ऐकू येणारा आवाज. दोन्ही प्रकारांत लंपनच्या मनातील आकडा इतरांना ऐकू जाईल असा होतो, म्हणजेच थोडासा ‘गोड’ होण्याचा धोका पत्करतो. पुस्तकात तो केवळ वाचकाच्या कानाशी बोलतो. ही उणीव कोणा दिग्दर्शकाची नव्हे. दोन माध्यमांच्या स्वभावातील ते अंतर आहे. मात्र ग्रंथाची जागा मालिका घेऊ शकत नाही, हे त्यातून स्पष्ट होते.

लंपन शेवटी काही ‘ठरतो’ का? त्याला गाण्याची ओढ आहे, तो संवेदनशील आहे. परंतु तो उद्याचा थोर कलावंत आहे म्हणून आज त्याच्या मनाची किंमत करावी, असा युक्तिवाद संत कोठेही करीत नाहीत. तो बदकाचे पिलू आहे की राजहंसाचे, हा प्रश्नच त्यांनी विचारलेला नाही. मुलाचे मन लक्ष देऊन ऐकण्याजोगे असते, कारण ते मन आहे, एवढेच गृहीतक त्यांच्या लेखनामागे दिसते.

6. समारोप

येथवरच्या विवेचनातून एक क्रम स्पष्ट होतो. अँडरसनच्या कथेत आणि ‘तारे जमीन पर’मध्ये बालकाचे एकाकीपण भोवतालच्या मान्यतेने संपते. माडगूळकरांच्या गीतात मान्यता देणारे नाहीसे होतात, मात्र राजहंसत्व उरते. ‘फँड्री’मध्ये राजहंसत्वही नाही आणि मान्यता नाकारणाऱ्यांवर दगड आहे. लंपनच्या कथांमध्ये हा सारा व्यवहारच मागे पडतो. ‘पॅन्स लॅबिरिंथ’मधील सावत्र पित्याला ओफेलियाशी बोलणारे अद्भुत पात्र दिसत नाही, त्या न दिसण्यातच त्याचा निवाडा आहे. मुलाची कल्पना खरी की खोटी, यापेक्षा ती पाहण्याची पात्रता मोठ्यांमध्ये आहे की नाही, हा प्रश्न अधिक मूलगामी ठरतो.

या प्रश्नाला शैक्षणिक बाजू आहे. स्पर्धा, बक्षिसे आणि प्रमाणपत्रे यांच्या साह्याने मुलांच्या ‘सुप्त गुणांना वाव’ देण्याची भाषा शाळांत रूढ आहे. तिचा हेतू चांगला असला तरी तीत राजहंसाचा निकषच दडलेला असतो. गुण सापडला तर वाव. न सापडला तर मूल पुन्हा तळ्याच्या कडेला. वर्गातल्या बहुसंख्य मुलांना कोणतेही पारितोषिक मिळणार नाही, हे गणित सोपे आहे. त्यांचीही याने आकाशात हिंडत असतात आणि त्यांचेही आकडे हजारांच्या घरात असतात. त्या मुलांसाठी मराठी साहित्याने दिलेला आधार लंपनच्या वनवासात आहे. तेथे काही सिद्ध करून दाखविण्याची अट नाही, आणि म्हणूनच तेथे कोणत्याही मुलाला जागा आहे.